चूर्णविभागातील गोंगाट आणि कामगारांचे कान

व्याधींची कारणे सांगताना चरकाचार्यांनी असात्म्येन्द्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम अशी त्रिविध मांडणी केली, हे आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून ठाऊक आहे. यांपैकी पहिल्याचे विवरण सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आले आहे. तेथे प्रत्येक इंद्रियाच्या विषयाचा अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग स्वतंत्रपणे सांगितला आहे. शब्दाच्या अतियोगासाठी आचार्यांनी मेघगर्जना, पटहाचा नाद आणि मोठ्याने केलेला आक्रोश अशी उदाहरणे दिली आहेत. त्या काळी मनुष्याच्या कानावर पडणारे सर्वांत मोठे आवाज बहुधा हेच असावेत. मेघगर्जना काही क्षणांची असते, पटह उत्सवात किंवा युद्धप्रसंगी वाजतो. दररोज आठ तास, वर्षातील तीनशे दिवस पटहाशेजारी उभे राहून उदरनिर्वाह करण्याची वेळ फारच थोड्यांवर येत असेल.

आज ती वेळ आपल्याच औषधी निर्माणशाळेतील चूर्णविभागाच्या कामगारावर आलेली आहे. सुंठ, नागरमोथा, दारुहळद, वाळलेली गुळवेल यांसारखी कठीण द्रव्ये पल्व्हरायझरमध्ये पडतात तेव्हा यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी ध्वनीची पातळी सहजच नव्वद डेसिबलच्या वर जाते व कित्येकदा शंभराच्या आसपास पोहोचते. आपण मात्र त्या खोलीत दोन मिनिटे डोकावतो, चूर्ण चिमटीत घेऊन त्याची सूक्ष्मता पाहतो, खुणेनेच 'ठीक आहे' असे सांगतो आणि दार ओढून घेऊन कार्यालयात परततो. खुणेने सांगावे लागले, याचा अर्थ आपल्या लक्षात येत नाही.

आपल्या व्यवसायात धुळीविषयी आता पुष्कळ जागरूकता आलेली आहे. तोंडाला फडके, धूळ ओढून घेणाऱ्या पिशव्या, हातमोजे यांची व्यवस्था बहुतेक फार्मसींतून दिसते. गोंगाटाच्या वाट्याला ही जागरूकता अजून आलेली नाही. धूळ डोळ्यांना दिसते आणि मालाचे नुकसान करते. आवाज दिसत नाही आणि नुकसान फक्त माणसाचे करतो, हे त्याचे खरे कारण असावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कानात नेमके काय घडते

अंतःकर्णातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनिलहरींचे रूपांतर मज्जातंतूंच्या संवेदनेत करण्याचे कार्य त्या करतात. मोठ्या आवाजाने या पेशी थकतात व विश्रांती मिळाल्यास पूर्ववत होतात. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटणे, बारीक शिटी वाजल्याचा भास होणे आणि सकाळी सर्व काही ठीक असणे, ही त्या थकव्याची लक्षणे होत. परंतु हाच क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला म्हणजे पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवू शकतात. मनुष्यात आणि इतर सस्तन प्राण्यांत त्या उगवत नाहीत. निसर्गाने हा पक्षपात का केला ते तोच जाणे.

या ऱ्हासाची एक विशिष्ट चाल आहे. प्रथम सुमारे चार हजार कंपनसंख्येच्या आसपासचे, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स्वरवर्ण खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते उत्तम ऐकू येतात. स, श, फ, त, ठ यांसारखी व्यंजने मात्र पुसट होत जातात. त्यामुळे असा रुग्ण 'मला ऐकू येत नाही' अशी तक्रार घेऊन आपल्याकडे येतच नाही. 'ऐकू येते, पण शब्द कळत नाही. लोक हल्ली पुटपुटतात' असे तो म्हणतो. कित्येकदा तक्रार त्याची नसून घरच्यांची असते. दूरचित्रवाणीचा आवाज तो फार मोठा ठेवतो, लग्नकार्यात चार माणसे एकदम बोलू लागली की गप्प बसतो आणि हळूहळू समारंभास जाणेच टाळतो. पन्नाशीच्या आत असे लक्षण आढळले तर व्यवसाय विचारल्यावाचून निदान लिहू नये.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात कर्णनाद व बाधिर्य यांचा जो संबंध सांगितला आहे तो येथे पुन्हा वाचण्याजोगा आहे. शब्दवह सिरांमध्ये विमार्गग वायू नाना प्रकारचे नाद उत्पन्न करतो आणि त्याची उपेक्षा केल्यास कफानुबंध होऊन बाधिर्य येते, असा त्यांचा अभिप्राय आहे. गोंगाटात काम करणाऱ्या रुग्णाने सांगितलेला नाद बहुधा बारीक आणि उंच पट्टीतला असतो. त्या दृष्टीने त्याचे साम्य कर्णनादापेक्षा वेणुघोषासम वर्णिलेल्या कर्णक्ष्वेडाशी अधिक दिसते. संज्ञेचा हा वाद आपल्यातील शालाक्यतज्ज्ञांनी सोडवावा. नाद ही पूर्वसूचना आहे आणि उपेक्षेचा शेवट बाधिर्यात होतो, हा क्रम मात्र दोन्ही शास्त्रांना मान्य आहे.

पाश्चात्त्य वैद्यकातही हे ज्ञान नवे नव्हे. व्यावसायिक रोगांच्या शास्त्राचा जनक मानला जाणारा इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहून ठेवले आहे. दिवसभर तांब्यावर घाव घालणाऱ्या या कारागिरांचे कान निकामी होतात आणि म्हातारपणी ते पूर्ण बहिरे होतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून गेलेल्या कोणासही हे पटावे. आपल्या घरचे तांब्याचे घंगाळ ज्या घावांनी आकारास आले, त्या घावांची किंमत कोणाच्या तरी कानांनी मोजलेली आहे.

डेसिबलचे गणित

उपाययोजनेकडे वळण्यापूर्वी डेसिबलचा हिशेब ध्यानी घेणे अगत्याचे आहे, कारण तो आपल्या रोजच्या बेरजेसारखा नाही. नव्वद डेसिबलची दोन यंत्रे शेजारी चालू केली तर एकशे ऐंशी होत नाहीत, त्र्याण्णव होतात. तीन डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. उलटपक्षी, नव्वदच्या यंत्राशेजारी ऐंशीचे यंत्र असेल तर एकूण पातळी नव्वदच्या किंचितच वर राहते. सबब, सर्वांत मोठ्या आवाजाचे यंत्र तसेच ठेवून बाकीच्या पाच यंत्रांवर खर्च केल्यास कानाला काडीचाही फरक जाणवत नाही. आधी सर्वांत मोठे यंत्र हाती घ्यावे. बहुतेक फार्मसींत ते पल्व्हरायझरच असते.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचविली आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे. हा हिशेब दोन्ही बाजूंनी वाचावा. एखाद्या यंत्राचा आवाज ९७ वरून ९१ वर आणता आला तर ऐकणाऱ्यास तो फार कमी झाल्यासारखा वाटणार नाही; परंतु त्याच माणसास त्याच यंत्रापाशी अर्ध्या तासाऐवजी दोन तास काम करण्याची मुभा मिळते. सहा डेसिबलची घट क्षुल्लक नव्हे.

मापनासाठी ध्वनिमापक यंत्र भाड्याने मिळते व औद्योगिक सुरक्षेचे काम करणारे तंत्रज्ञ ते घेऊन येतात. भ्रमणध्वनीवरील उपयोजने अंदाजापुरती ठीक आहेत. तेही नसेल तर एक साधी कसोटी पुरेशी आहे : हात लांब केल्यावर ज्याच्या खांद्याला हात लागेल अशा अंतरावरील माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर पातळी ८५ च्या आसपास किंवा वर आहे असे समजावे. मोजणी कामगाराच्या कानाच्या उंचीवर, यंत्रात माल असताना आणि रिकामे असताना, दार उघडे व बंद ठेवून अशी करावी आणि तारखेसह लिहून ठेवावी. पुढे केलेला कोणताही खर्च उपयोगी पडला की नाही, हे या कागदावाचून कळणार नाही.

पल्व्हरायझर : उगमाशी उपाय

निदानपरिवर्जनास आपण चिकित्सेचे पहिले पाऊल मानतो. येथे निदान म्हणजे यंत्र. तेव्हा कानात बोळे घालण्याची भाषा करण्यापूर्वी यंत्राकडे जावे.

पल्व्हरायझरमध्ये वेगाने फिरणारे हातोडे द्रव्यावर आणि द्रव्य जाळीवर व कवचावर आदळते. आवाजाचा मोठा भाग या आघाताचा. दुसरा भाग हातोड्यांनी कापलेल्या हवेचा, जो भोंग्यासारखा एकसुरी असतो. तिसरा भाग पत्र्याच्या थरथरीचा आणि चौथा यंत्राच्या पायातून जमिनीत उतरणाऱ्या कंपनांचा. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

आघात कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आपल्या शास्त्राला आधीपासून ठाऊक आहे. तो म्हणजे द्रव्य नीट वाळवणे आणि आधी त्याची भरड करणे. मनगटाएवढा गुळवेलीचा तुकडा सरळ पल्व्हरायझरच्या तोंडात टाकणे आणि यवकूट केलेली गुळवेल टाकणे, यांतील फरक कान बंद करूनही कळेल. भरड करणारे मंदगती यंत्र तुलनेने कमी आवाज करते, सूक्ष्म चूर्णाचे काम हलके होते, जाळ्या टिकतात आणि द्रव्यही कमी तापते. सुगंधी द्रव्यांच्या बाबतीत तर हा लाभ वेगळा सांगावयास नको. माल एका लयीत सोडावा. ओंजळीने भसकन टाकू नये. रिकामे यंत्र फिरवत ठेवून गप्पा मारण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते, ती मोडावी.

झिजलेले हातोडे बदलताना एक-दोनच बदलण्याची काटकसर महागात पडते. वजनाचा तोल बिघडतो, संपूर्ण यंत्र थरथरते, बेअरिंग जातात आणि आवाज वाढत राहतो. समोरासमोरचे हातोडे वजन करून जोडीनेच बदलावेत. सैल नट-बोल्ट, ढिला किंवा तिरका पट्टा, कोरडी बेअरिंग, पट्ट्यावरचा खडखडणारा पत्रा या गोष्टी दर आठवड्याच्या तपासणीत याव्यात. यंत्राचा आवाज एकाएकी बदलला तर त्यास रोगाचे पूर्वरूप समजावे. जुना जाणता कारागीर नुसत्या आवाजावरून बेअरिंग जाणार असे सांगतो. अर्थात त्याचे कान शाबूत असतील तोवरच.

यंत्राच्या पायाखाली कंपन शोषणाऱ्या रबरी गाद्या बसविल्यास कंपने जमिनीत उतरत नाहीत. या गाद्या यंत्राचे वजन आणि गती पाहून निवडाव्या लागतात. जुन्या टायरचा तुकडा सरकवून काम भागत नाही. जड यंत्र पोटमाळ्यावर किंवा लाकडी तक्तपोशीवर कदापि ठेवू नये, अन्यथा अख्खी इमारत ढोलाप्रमाणे वाजते. कवचाच्या व हॉपरच्या पत्र्यावर बाहेरच्या बाजूने कंपनशामक थर चिकटविता येतो. आतल्या, औषधाचा स्पर्श होणाऱ्या बाजूस मात्र काहीही लावू नये. वाळलेला माल स्टीलच्या पिंपात उंचावरून ओततानाही असाच दणदणाट होतो. पिंप जवळ आणणे आणि त्यास बाहेरून रबरी पट्टा घालणे एवढ्याने तो पुष्कळ उतरतो.

बॉल मिलविषयी एवढेच की ती अर्धवट रिकामी चालवू नये. गोळे मालाऐवजी भांड्याच्या अंगावर आपटतात. आतून रबरी अस्तर लावल्यास आवाज कमी होतो हे खरे, तथापि भस्मादी कल्पांत रबराचा अंश उतरण्याचा धोका पाहता बाहेरून आवेष्टन घालणेच इष्ट. आसवारिष्टांच्या विभागात बाटल्या बाटल्यांवर आपटतात, तेथे मार्गिकेच्या कडांना नायलॉनच्या पट्ट्या लावाव्यात. यंत्र साफ करण्यासाठी दाबाची हवा सोडण्याची पद्धत आवाज आणि धूळ दोन्ही वाढविते. शक्य तेथे ओढून घेणारे यंत्र वापरावे.

चकचकीत फरशीची अडचण

येथे एक पेच आहे आणि त्याची चर्चा आपल्या मंडळींत फारशी झालेली नाही. सन २००० मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत अनुसूची 'टी' समाविष्ट झाल्यापासून आपण भिंती गुळगुळीत, धुण्याजोग्या व भेगाविरहित ठेवू लागलो. ते योग्यच झाले. अनेकांनी तर जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत टाइल्स बसविल्या. स्वच्छतेच्या दृष्टीने आदर्श अशी ही खोली ध्वनीच्या दृष्टीने अत्यंत वाईट असते. कठीण, गुळगुळीत पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परतवून लावतो. मोकळ्या मैदानात यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. टाइल्सच्या खोलीत कोपऱ्यात उभे राहिले तरी सुटका होत नाही. वजनकाट्यावरचा माणूस यंत्रापासून पंधरा फुटांवर असूनही जवळजवळ तेवढाच आवाज सोसतो.

काहींनी यावर अंड्यांचे कागदी ट्रे किंवा थर्माकोल भिंतीला चिकटविण्याचा उपाय केलेला पाहण्यात आहे. तो सर्वथा त्याज्य होय. ट्रे आवाज अडवीत नाहीत, थर्माकोल धड शोषतही नाही आणि अडवीतही नाही. दोन्ही पेट घेतात, आणि झुरळांना घर मिळते ते वेगळेच. उघडी काचलोकर आवाज उत्तम शोषते, परंतु तिचे तंतू सुटतात. औषधनिर्मितीच्या जागेत ते चालणार नाही. मार्ग असा : काचलोकर किंवा खनिज लोकर पातळ, धुता येईल अशा प्लास्टिकच्या आवरणात पूर्ण बंद करून, पुढे छिद्रांचा अॅल्युमिनियमचा पत्रा लावून तिचे फलक छताजवळ टांगावेत. तेथे हात लागत नाही, मालाचा स्पर्श होत नाही आणि पुसूनही घेता येतात. अशा फलकांनी खोलीतील घुमणे कमी होते, परंतु यंत्राशी खेटून उभ्या असलेल्या माणसास त्यांचा लाभ थोडाच, हेही स्पष्ट सांगावयास हवे.

त्याच्यासाठी खरा उपाय म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये भिंत. पल्व्हरायझर स्वतंत्र खोलीत ठेवून त्याचे तोंड भिंतीतून घसरणीने बाहेर काढावे, जेणेकरून माल सोडणारा कामगार खोलीबाहेर राहील. नऊ इंची विटांची भिंत आवाज फार मोठ्या प्रमाणात अडविते. पण फटी तिचा घात करतात. दहा फूट बाय दहा फुटांच्या भिंतीत केवळ एक चौरस फुटाचे छिद्र मोकळे असले, तर भिंत कितीही जाड असो, वीस डेसिबलपेक्षा अधिक घट मिळत नाही. म्हणून दार जड असावे, चौकटीस रबरी पट्टी असावी, दाराखालची फट बुजवावी आणि घसरणीच्या तोंडास झडप असावी. मात्र खोली ठार बंद करून चालत नाही. मोटर तापते आणि हवेत तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिचूर्ण ठिणगीने भडकू शकते. तेव्हा धूळ ओढण्याची व्यवस्था आणि हवा येण्या-जाण्याचे मार्ग हवेतच. ते सरळ भोकाचे न ठेवता आतून शोषक अस्तर लावलेल्या, एक-दोन वळणांच्या नळकांड्याचे करावेत. हवा वळते, आवाज अस्तरात जिरतो. हे काम गवंड्याच्या अंदाजावर न सोपविता जाणकार अभियंत्यास दाखवून करावे.

चिकित्सालयाच्या मागेच फार्मसी असलेल्या वैद्यांनी याचा विचार आणखी एका कारणासाठी करावा. पलीकडच्या खोलीत शिरोधारेसाठी झोपलेला रुग्ण असतो. भिंतीपलीकडे पल्व्हरायझर घुमत असताना त्याच्या मनास स्वास्थ्य कसे लाभावे? तेथे भिंत होईपर्यंत दळणाच्या आणि पंचकर्माच्या वेळा तरी वेगळ्या कराव्यात, त्यास खर्च नाही.

वजनाचे आकडे आणि ओरडून दिलेल्या सूचना

गोंगाटाचा विचार केवळ कामगारकल्याणाचा नाही, औषधाच्या गुणवत्तेचाही आहे. एका बाजूने माल काढणारा ओरडून आकडा सांगतो आणि दुसऱ्या बाजूने वजन करणारा तो टिपून घेतो, हे दृश्य परिचित आहे. 'सात' आणि 'साठ', 'वीस' आणि 'तीस' यांतील भेद ज्या व्यंजनांनी कळतो तीच व्यंजने गोंगाटात बुडतात, आणि श्रवणशक्ती उणावलेल्या माणसास तर ती शांततेतही नीट कळत नाहीत. साध्या चूर्णात चूक झाली तर निदान माल वाया जाईल. वत्सनाभ किंवा कुपीलू असलेल्या कल्पात तीच चूक झाली तर काय, याचा विचार करावा. चूर्णविभागात आणि मिश्रणविभागात तोंडी आकडा बंद करून प्रत्येक वजन पत्रकावर लिहून, दुसऱ्याने वाचून, सही करूनच पुढे जाण्याची शिस्त घालणे आवश्यक आहे.

कानातील बोळे, आणि तेलाचा पिचू

यंत्र, भिंत आणि वेळ यांचे उपाय करूनही पातळी ८५ च्या वर राहिली तर कर्णरक्षक साधने द्यावीत. साधा कापसाचा बोळा आवाज फारसा अडवीत नाही. तो असल्याच्या समाधानाने माणूस उलट निर्धास्त होतो. फोमचे इअर प्लग बोटांनी बारीक वळून, विरुद्ध हाताने कानाची पाळ वर व मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. हे एकदा शेजारी उभे राहून शिकवावे लागते. पाकिटावर लिहिलेले संरक्षण प्रयोगशाळेतले असते, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते. वेळेचे गणित तर अधिकच कठोर आहे : तीस डेसिबल अडविणारे साधन आठ तासांपैकी केवळ अर्धा तास काढून ठेवले, तर दिवसभराचे एकूण संरक्षण बारा डेसिबलच्या आत येते. म्हणून कामगारास टोचणारे, घाम आणणारे भारी साधन देण्यापेक्षा तो दिवसभर घालील असे हलके साधन द्यावे, आणि धुळीचा मास्क व कानाची साधने एकत्र नीट बसतात ना तेही पाहावे. आळीपाळीने काम दिल्यानेही प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ कमी होतो; परंतु मूळ आवाज तसाच ठेवून केलेली अदलाबदल म्हणजे एकाऐवजी चौघांचे कान थोडे थोडे खर्च करणे होय.

आता आपल्या शास्त्राच्या प्रांताविषयी. नित्य कर्णतर्पणाने वातज कर्णरोग, उच्चैःश्रुती आणि बाधिर्य होत नाही, असे चरकाचार्यांनी दिनचर्येत सांगितले आहे, आणि अनेक वैद्य आपल्या कामगारांना तीळतेलाचे वा बिल्वतेलाचे कर्णपूरण आवर्जून करवितात. हे स्तुत्य आहे. परंतु दिनचर्येतील हा उपदेश निदान चालू ठेवण्याचा परवाना नव्हे. सकाळी कानात तेल आणि नंतर आठ तास शंभर डेसिबल, हा क्रम अग्निमांद्यात दीपन देऊन वर श्रीखंडपुरी वाढण्यासारखा आहे. कर्णपूरणापूर्वी पडद्यास छिद्र किंवा कर्णस्राव नाही ना, हे कर्णदर्शकाने पाहणे अनिवार्य आहे. कर्णपूरण कामावरून सुटल्यानंतर करावे. तेलकट कानात फोमचा बोळा नीट बसत नाही आणि मळ, चूर्ण, तेल मिळून कान बुजतो.

ज्याचे श्रवण गेलेले आहे त्यास काय सांगावे? मृत केशपेशी पुनरुज्जीवित करणारे औषध आज कोणत्याही वैद्यकपद्धतीच्या हाती नाही. आपल्या ग्रंथांतही दीर्घकाल मुरलेले बाधिर्य चिकित्सेस अयोग्य म्हणून वर्ज्य सांगितले आहे. तो आचार्यांचा प्रामाणिकपणा होता. कर्णनादाचा त्रास, निद्रानाश, मनःक्षोभ यांवर आपण पुष्कळ काही करू शकतो व ते करावे. गेलेले ऐकू येईल असे आश्वासन देऊन रुग्णास वर्षभर तेल घालीत ठेवू नये. त्या वर्षात त्यास श्रवणयंत्र मिळाले असते. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाडावे, कारण तेथे उशीर होईल तसतशी श्रवण परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

कायदा आणि वार्षिक तपासणी

निवासी भागात दिवसा ५५ आणि औद्योगिक भागात ७५ डेसिबल ही जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते ती २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची, म्हणजे परिसरातील हवेची आहे. शेजाऱ्याची तक्रार आली की ती लागू होते. आतल्या कामगारास तिचा आधार नाही. त्याच्यासाठी कारखाने अधिनियम, १९४८ होता व त्याखालील नमुना नियमांत आठ तासांस ९० डेसिबलची मर्यादा होती. गोंगाटजन्य बहिरेपण हा त्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळविण्यास बंधनकारक असा रोग होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्येही तो तसाच कायम आहे, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनुसार भरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांतही आवाजाने आलेल्या बहिरेपणाचा समावेश आहे. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी पूर्वीची दहा कामगारांची मर्यादा नव्या संहितेत वीस झाली. आपल्यापैकी बहुसंख्य फार्मसी यापेक्षा लहान आहेत, म्हणून कारखान्याचे निरीक्षक त्यांच्या दारी बहुधा येणार नाहीत. सहा कामगारांच्या फार्मसीतील पल्व्हरायझर साठ कामगारांच्या कारखान्यातील यंत्रापेक्षा कमी आवाज करीत नाही. जाणूनही दुर्लक्ष करणे ही गोष्ट कोणत्या सदरात पडते, ते लेखाच्या आरंभी आलेल्या दुसऱ्या कारणात पाहावे.

एक तरतूद मात्र लहान-मोठ्या सर्व परवानाधारकांस लागू आहे. अनुसूची 'टी' मध्ये कामगाराची नोकरीस घेताना व त्यानंतर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून तिची नोंद ठेवण्यास सांगितले आहे. तेथे भर संसर्गजन्य रोगांवर असल्याने आपल्या नोंदवहीत त्वचा, खोकला, क्ष-किरण एवढेच रकाने असतात. त्यात श्रवणमापनाचा एक रकाना वाढविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. नोकरीस घेतेवेळचा आलेख सर्वांत मोलाचा. तो नसेल तर पुढे आलेले बहिरेपण आपल्या यंत्राचे, आधीच्या नोकरीचे की वयाचे, हे ठरविता येत नाही. दरवर्षीचा आलेख मागच्या आलेखाशेजारी ठेवून चार हजारांच्या आसपास खळगा पडू लागला आहे का, ते पाहावे आणि पडत असल्यास त्या माणसास चूर्णविभागातून हलवून यंत्राकडे पुन्हा लक्ष द्यावे. थकलेल्या कानाची तपासणी खोटी बहिरी दाखविते. त्यामुळे श्रवणमापन साप्ताहिक सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणतेही यंत्र सुरू होण्यापूर्वी करून घ्यावे आणि आदल्या रात्री कामगार वरातीत किंवा ढोलपथकात नव्हता ना, एवढे त्यास विचारून घ्यावे.